नानकटाईची अंकलिपी



आमचा नातू यंदा सिनियर केजीत आहे. जुलैमधल्या पालकसभेत बाईंनी सूनबाईला बाजूला घेऊन सांगितलं, हा मागे पडतोय. १ ते १०० लिहिता येत नाहीत, ३ आणि ७ उलटे काढतो, शिकवणी लावून टाका. सून घरी आली ती तोंड उतरवूनच. मुलगा म्हणाला, लावू या, त्यात काय एवढं. हे नेहमीप्रमाणे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, पाच वर्षांच्या पोराला कसली आलीय शिकवणी! घरात तीन मतं झाली आणि पोर आपलं सोफ्यावर उलटं लटकत बसलेलं.

मी बी.कॉम. आहे, शिक्षिका नव्हे. पण हिशोबातली गोम कुठे असते ते मला कळतं. मी त्याला म्हटलं, आकडे म्हणून दाखव. तर इंग्रजीतून पन्नासपर्यंत एका दमात, णमोकार म्हणतो तसंच. मग म्हटलं, "जा, स्वयंपाकघरातनं सात चमचे आण." त्यानं मूठभर चमचे आणले, अकरा होते. "मोज बघू." बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे. तोंड पुढे धावलं आणि उत्तर आलं चौदा.

म्हणजे गोम लिहिण्यात नव्हतीच. सात हा त्याच्यासाठी सहानंतर येणारा एक आवाज होता, सात वस्तू नव्हत्या. ज्याला सात म्हणजे किती हे ठाऊक नाही, त्याच्याकडून ७ शंभरदा गिरवून घेतला तरी हातात काय येणार? आकडा उलटा काढणं तर या वयात बऱ्याच मुलांचं होतं, आपोआप जातंही. मी सुनेला म्हटलं, "अगं, दिवाळीपर्यंत थांब. बुधवार आणि शनिवारची दुपार मला दे. नाहीच जमलं तर शिकवणी आहेच." ती लगेच कबूल झाली असं नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींची मुलं कुठं कुठं जातात ते तिनं मला ऐकवलं. पण थांबली.

बुधवार-शनिवारी आम्ही नानकटाई करायचं ठरवलं. पहिली ते चौथीतल्या नातवंडांच्या आज्यांनी हे पुढचं जरूर वाचावं, कारण थोरली नातही (ती तिसरीत आहे) यात आपोआप ओढली गेली.

भट्टीचंच काम का, पोळ्या का नाहीत, असं मला शेजारच्या वहिनींनी विचारलं. त्याचं कारण साधं आहे. आपला रोजचा स्वयंपाक अंदाजाचा. आमटीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, कणीक सैल झाली तर मूठभर पीठ टाकलं की झालं. मापाची गरजच पडत नाही, म्हणून मुलाला माप दिसतही नाही. भट्टीचं तसं नाही. एकदा ट्रे आत गेला आणि दार बंद झालं की मग काही बदलत नाही. आधी काय, नंतर काय, किती आणि किती वेळ, हे सगळं आधीच ठरवावं लागतं. मुलाच्या डोक्यात आकडा बसायला यापेक्षा बरी जागा मला तरी माहीत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे ते कोसबाडला गेलं. तिथं शिंपले, बिया, पानं, खडे हीच मोजायची साधनं होती. महागाची खेळणी आणायला पैसे नव्हते, आणि गरजही नव्हती. आपल्या घरात तर डबेच डबे आहेत.

तर आमचं प्रमाण असं: दीड वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी घट्ट तूप, पाव चमचा खायचा सोडा, वेलदोड्याची पूड. कणीक आणि बेसन दोन्ही घरघंटीवर दळलेलं. मैदा आम्ही आणत नाही, ज्या आणतात त्यांनी मैद्याची करावी, दिसायला जास्त पांढरी होते एवढंच. तूप आणि साखर हातानं फेसायची, हलकं झालं की चाळलेली पिठं घालायची, मळायची नाही, नुसती गोळा करायची. पीठ विरत असेल तर चमचाभर तूप आणखी. १६० अंशांवर साधारण २० मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत तळाला मीठ घालून, वर जाळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर करा, उत्तम होते. माझी आजी तर तांब्याच्या तपेल्यात नानकटाई ठेवून झाकणावर निखारे ठेवायची. गावातल्या बाकीच्या बायका दिवाळीच्या आधी पीठ-तूप-साखरेचे डबे घेऊन बेकरीत रांग लावायच्या, पण तिथल्या ट्रेवर अंड्याचंही भाजतात म्हणून आमच्या घरचे डबे कधी गेले नाहीत.

वरचं प्रमाण पुन्हा एकदा वाचा. दीड, अर्धी, पाऊण, पाव. आपल्या मराठीत अपूर्णांकांना किती सुरेख शब्द आहेत! आमच्या पिढीनं पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ केल्या. आमची नात तिसरीत 'हाफ' आणि 'क्वार्टर' लिहिते, पण पाऊण म्हणजे काय विचारलं तर बघत बसली. मग पाव वाटीचं माप काढलं आणि नातवाला सांगितलं, हे मोठ्या वाटीत ओत आणि किती वेळा मावतं ते बघ. चारदा मावलं. तीनदा ओतून थांबलो ती पाऊण. एवढंच. दोघांनाही सांगावं लागलं नाही, दिसलं. त्यानंतर घरात सगळं पाऊणच झालं. पाऊण पोळी, पाऊण कप दूध, "आज्जी, माझा पाऊण अभ्यास झाला."

मापावरून एक गंमत करून बघा. वाटीभर पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओता आणि तेवढंच पाणी पसरट वाडग्यात. कशात जास्त? आमचं पोर ठामपणे म्हणालं, पेल्यात. परत वाटीत ओतून दाखवलं, तरी पेल्यातच. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञानं मुलांचं हेच वागणं अभ्यासून ठेवलंय. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं उंचीवरच जातात, तो त्यांचा अडाणीपणा नसतो. म्हणून तिथं वाद घालू नका. ओतू द्या पुन्हा पुन्हा. ओतणं हाच धडा आहे. (पाणी गाळलेलं घ्या आणि नंतर झाडांना घाला, नाहीतर धडा भलताच व्हायचा.)

आता चाळणीकडे येऊ. आपल्या घरात चाळणी गुठळ्यांपेक्षा जिवांसाठी असते हे तुम्हाला सांगायला नको. पण मुलांना ते आपण कधी दाखवतो का? आम्ही खाली पांढरा कागद पसरतो, नातू चाळतो आणि नात बघते. एकदा बाहेरून आणलेल्या हरभऱ्यात सोंडा निघाला, तर दोघांनी त्याला कागदाच्या टोकावर घेऊन तुळशीच्या कट्ट्याशी नेऊन सोडलं. त्या दिवसापासून चाळताना घाई नाही. एका जागी नजर लावून बारीक गोष्ट शोधायची, हेच तर पुढे अक्षरं ओळखायला लागतं. 'ब' आणि 'व' यांतला फरक म्हणजे तरी काय, पोटातली एक बारीक रेघ.

पिठाच्या डब्यावर तर आमचं आख्खं कॅलेंडर आहे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. दळलं त्या दिवशी नातू डब्याच्या झाकणावर खडूनं एक रेघ मारतो, दुसऱ्या दिवशी दुसरी. चातुर्मास असल्यामुळे तीन रेघा झाल्या की पीठ संपलंच पाहिजे. एकदा तिसऱ्या दिवशी दोन वाट्या पीठ उरलं होतं, तर साहेब ओट्याशी उभे राहून म्हणाले, "आज्जी, आजच करायला पाहिजे, उद्या चौथी रेघ." मी सुनेकडे बघितलं. शाळेनं ज्याला मागे पडलेला म्हटलं होतं, त्यानं उद्याची रेघ आज मोजली होती.

थोडं जास्त मला लिहायचंय ते द्विदलाबद्दल.

बाजारच्या पुष्कळ पाककृतींत नानकटाईत दही घालतात, खुसखुशीत होते म्हणून. आपल्याकडे बेसनात कच्चं दही-दूध चालत नाही. नात हल्ली मोबाइलवर पाककृती वाचते, तिनं विचारलं, "आज्जी, यात दही आहे, आपण का नाही घालत?" मला लहानपणी याचं उत्तर "चालत नाही" एवढंच मिळालं होतं. आजही पुष्कळ घरांत तेवढंच मिळतं. मोठेपणी मुलं शिकायला बाहेर पडली की ते "चालत नाही" रूमवर पोहोचेपर्यंत टिकत नाही. हा माझा अनुभव नाही, आपल्या सगळ्यांचा आहे, कुणी बोलत नाही एवढंच.

मी सहा वाट्या मांडल्या. गहू, तांदूळ, ज्वारी, हरभरा, मूग, तूर. रात्रभर नको म्हणून सकाळी भिजवले, दुपारी पोरांपुढे ठेवले. म्हटलं, बोटांनी दाबा आणि दोन फोडी होतात ते एकीकडे, होत नाहीत ते दुसरीकडे. हरभरा सालातून निसटला आणि दोन झाला. मूग तसाच, तूरही तशीच. गहू नुसता चिरडला. तांदळाचा चुरा झाला. अर्धा तास घर शांत होतं, असं आमच्याकडे कधी होत नाही. शेवटी दोन ढीग झाले. मग सांगितलं, हा जो दोन होणारा ढीग आहे, त्याला द्विदल म्हणतात. त्याच्याबरोबर कच्चं दही-दूध एकत्र आलं, तोंडात लाळेशी मिसळलं की त्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात असं आपलं शास्त्र सांगतं, म्हणून आपण ते टाळतो. नात म्हणाली, "म्हणजे बिस्किटात नुसती कणीक असेल तर दूध चालेल?" चालेल! मी नियम सांगितला नव्हता, तिनं काढला. ढीग करता आले म्हणजे काढता येतोच. बालवाडीत याला वर्गीकरण म्हणतात आणि त्यासाठी रंगीत प्लास्टिकचे ठोकळे विकत मिळतात.

नातवानं लगेच डब्यातून शेंगदाणा आणला. "हापण दोन होतो!" खरं आहे. यावर आपल्यातच दोन मतं आहेत. ज्यातून तेल निघतं ते द्विदल धरत नाहीत अशी एक परंपरा, काही घरं धरतात. मी दोन्ही सांगितलं. तुमच्या घरी जे असेल ते तुम्ही सांगा, पण प्रश्न आला म्हणून डोळे वटारू नका.

आता नानकटाईकडे. गोळे वळायचं काम धाकट्याचं. दोन तळव्यांत गोल, मग अंगठ्यानं मध्ये दाब. या वळण्या-दाबण्यानं बोटांत बळ येतं आणि पेन्सिल धरायला तेच लागतं. गोळे कुठं लहान, कुठं मोठे होतात, होऊ द्यावेत. भाजून झाल्यावर लहान आधी लाल होतात, ते त्याचं त्याला दिसतं. दुसऱ्या खेपेला तो स्वतःच गोळे शेजारी शेजारी ठेवून बघत होता.

या प्रमाणात आमच्या २४ होतात. चोवीस म्हटल्यावर नातवानं विचारलं, तीर्थंकरांएवढे? मग काय, रोज तेवढेच व्हायला पाहिजेत. ट्रेमध्ये सहाच्या चार रांगा लावल्या. पुढच्या वेळी ट्रे आडवा धरला, आठाच्या तीन बसल्या. थोरली पाढे घोकते, पण चार सख चोवीस आणि तीन आठे चोवीस हे दोन्ही एकाच ट्रेमध्ये मावतात हे तिनं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

वेळेचंही तसंच. सूर्यास्ताच्या आत खाणं उरकायचं असतं, म्हणून आमचा ट्रे चारच्या सुमारास आत जातो. ४ वाजून १० मिनिटांनी ठेवला, मोठा काटा २ वर. ६ वर आला की काढायचा. नातू घड्याळासमोर पाट घेऊन बसतो. ओव्हनपासून दोन फरशांवर मी खडूची रेघ मारली आहे, ती ओलांडायची नाही. ट्रे आत-बाहेर मीच करते, त्यात लाड नाहीत.

वाटणीची गोष्ट सांगते. घरात आम्ही सहा माणसं आणि कामाला येणाऱ्या मावशी, म्हणजे सात. २४ नानकटाया सात जणांत. थोरलीनं पाटीवर भागाकार केला, प्रत्येकी ३, बाकी ३, आणि पाटी ठेवून दिली. तिच्या लेखी गणित संपलं. धाकट्याला भागाकार येत नाही. त्यानं सात ताटल्या मांडल्या आणि एकेक टाकत गेला. तीन फेऱ्या झाल्या, हातात तीन उरल्या. तो बराच वेळ त्या तिघींकडे बघत होता. मग म्हणाला, "या मावशींना. त्यांच्या घरी तीन मुलं आहेत." थोरली म्हणाली, "हे बरोबर उत्तर नाहीये." मी बी.कॉम. बाई, मीही गप्पच बसले. आजोबांना साखर आहे, त्यांच्या तीन कुणाला यावर मात जोरदार भांडण झालं, ते इथं लिहीत नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सारखं "आता किती झाले? मग किती उरले?" विचारत राहिलात तर पोर तिसऱ्या दिवशी पळून जाईल. दहा मिनिटांत एखादा प्रश्न पुरे. आणि पसारा होणार. सून कामावरून येऊन ओटा पुसणार असेल तर हा उद्योग करू नका, आपण पसारा घालायचा आणि तिनं आवरायचा हे काही बालशिक्षण नव्हे. आमच्याकडे पोरं स्वतः झाडू मारतात, पीठ आणखी पसरतं, मग मी मारते. हल्ली व्हिडिओत छोट्या मुलांना टोप्या-ॲप्रन घालून केक सजवताना दाखवतात, ते कुणासाठी असतं ते मला ठाऊक नाही.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा पालकसभा झाली. बाई म्हणाल्या, मोजतो चांगलं, पण ३ अजून उलटाच. सून म्हणाली, दिवाळीनंतर बघू. घरी येऊन मला म्हणाली, "आई, बुधवारी मी हाफ डे घेऊ का? मलाही बघायचंय." शिकवणीचा विषय अजून पूर्ण मिटलेला नाही, हे खरं सांगते. मुलाचं मत अजून तेच आहे.

मधे माझ्या नणंदबाई अमेरिकेहून आल्या. त्यांनी मोठ्या प्रेमानं बिस्किटं कापायचे साचे आणले. ससा, बदक, मासा, अस्वल, आणि चंद्र, पान, चांदणी. पोरं नाचायला लागली. कणकेची बिस्किटं केली, ससे-बदकं कापली, भाजली. आणि नातवानं पहिला घास घेतला तो बदकाच्या मानेचा. "मी मान तोडली!" थोरली खो खो हसली. माझ्या पोटात काहीतरी हललं.

आपल्या भागात बस्तीत यशोधर राजाची कथा सगळ्यांनी ऐकलेली असते. सोमदेवसूरींनी ती संस्कृतात लिहिली, तेराव्या शतकात जन्न कवीनं कन्नडमध्ये. खरा कोंबडा बळी द्यायचा नाही म्हणून राजानं आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, पण मारण्याचा भाव खरा होता. मायलेकांना त्यापायी कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले. मी त्या वेळी पोरांना काही बोलले नाही, नणंदबाई समोर होत्या आणि बिस्किटं त्यांनीच कौतुकानं हातात दिली होती. रात्री गोष्ट म्हणून सांगितली, नुसती गोष्ट. सशाचं नाव घेतलं नाही, बदकाचंही नाही.

शनिवारी साचे काढले. नातवानं सगळे ओट्यावर मांडले आणि न सांगता दोन ढीग केले. चंद्र, चांदणी, पान एकीकडे. ससा, बदक, मासा, अस्वल दुसरीकडे. "हे जीववाले." मग ते जीववाले टाकून द्यायचे का, यावर थोरली नाही म्हणाली, आत्त्याआजीनं आणलेत. शेवटी ते कंपासपेटीशेजारी गेले. आता कागदावर बदक ठेवून त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवायची, मग रंगवायचं. पेन्सिल अजून साच्याबाहेर सटकते, पण पोर तासभर बसतं.

परवा नणंदबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी विचारलं, "काय रे, बदकाची बिस्किटं केलीस की नाही पुन्हा?" हा फोनसमोर कागद धरून म्हणाला, "नाही केली. हे बघा, हिरवं रंगवलंय. अजून सहा आहेत, दाखवू?"